‘दारफाळणीचा सण’ आणि ‘प्रायश्चित्ताचा दिवस’ : एका दिवसाची दोन मराठी नावे

१

हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याच्या दशमीस ज्यू धर्मीय जो कडक उपवास पाळतात, त्या ‘योम किप्पुर’ला मराठीत दोन नावे आहेत. एक ‘प्रायश्चित्ताचा दिवस’. हे नाव मराठी बायबलमधून, म्हणजे लेवीय या पुस्तकाच्या भाषांतरातून रूढ झाले. दुसरे ‘दारफाळणीचा सण’. हे कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या बोलीतले नाव असून त्याचा त्या समाजातील अर्थ ‘दारे बंद करण्याचा सण’ असा आहे. पहिल्या नावामागे लिखित संहिता आहे, भाषांतरकार आहेत, मुद्रित आवृत्त्या आहेत. दुसऱ्यामागे यांपैकी काहीही नाही. आहे तो केवळ एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला आचार.

या दोन नावांकडे पाहण्याची आपल्या अभ्यासाची रीत ठरून गेलेली आहे. पहिले नाव भाषांतराच्या इतिहासात जमा होते, दुसरे लोकसंस्कृतीच्या टिपणवहीत. पहिल्याची चर्चा शब्दाच्या योग्यायोग्यतेच्या अंगाने होते. दुसऱ्याची नोंद ‘मूळ विधीचे अवशिष्ट, स्थानिक रूप’ अशा शब्दांत आटोपते. या विभागणीत एक गृहीतक दडलेले आहे. भाषांतर संहितेचेच होते, आणि जिथे संहिता नाही तिथे अर्थनिर्णयनही नाही. केवळ सवय, विस्मृती किंवा शेजाऱ्यांचे अनुकरण असते, असे ते गृहीतक. प्रस्तुत लेखाचा रोख या गृहीतकावर आहे. ‘दारफाळणीचा सण’ हेही एक भाषांतर आहे, आणि काही बाबतींत ते ‘प्रायश्चित्ताचा दिवस’ या भाषांतराहून मूळ आशयाला जवळचे आहे, असे येथे दाखवावयाचे आहे. मात्र या नावाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. एरवी एका अनादराच्या जागी दुसरा भाबडा गौरव बसवल्यासारखे होईल.

२

बेने इस्राएल समाजाच्या जुन्या सणनामांचा मुख्य आधार म्हणजे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी इंग्रजीत लिहिलेला समाजाचा इतिहास. तो १८९७ मध्ये लिहून झाला आणि लेखकाच्या निधनानंतर १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. त्यात आलेली नावे एकत्र ठेवून पाहिली की त्यांची एक निश्चित घडण लक्षात येते. नववर्षाचा ‘नव्याचा सण’, त्यानंतर येणारा ‘खिरीचा सण’, दशमीचा ‘दारफाळणीचा सण’, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’, पुरीमचा ‘होळीचा सण’, मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणदिनाचा ‘बिरड्याचा सण’. या नामावलीत एकही नाव धर्मकल्पनेवरून आलेले नाही. खीर, बिरडे, शिळे अन्न, बंद केलेले दार अशा घरातल्या वस्तू आणि कृती षष्ठीच्या प्रत्ययाने ‘सण’ या शब्दाला जोडल्या आहेत. मराठी सणनामांची एक मोठी परंपरा याच घडणीची आहे; ‘नारळी पौर्णिमा’ किंवा ‘शिळासप्तमी’ ही नावे सिद्धान्त सांगत नाहीत, त्या दिवशी काय करायचे किंवा काय खायचे ते सांगतात. अशा नावात विधीचा अर्थ सांगितलेला नसतो, विधीची सूचना साठवलेली असते. ज्या समाजाजवळ ग्रंथ नाही, त्याच्यासाठी नाव हेच पंचांग आणि नाव हीच विधिपुस्तिका असते.

या नामावलीत आणखी एक भेद आहे. त्याच समाजाने काही उपवासांना ‘रोजा’ हा शेजारच्या मुसलमानांकडून आलेला शब्द वापरला. नववर्षानंतर येणारा गदल्याचा उपवास हा ‘नव्याचा रोजा’. मग वर्षातील सर्वांत कडक उपवासाला ‘रोजा’ न म्हणता ‘सण’ का म्हटले गेले? उपवास हा त्या दिवसाचा एकमेव, किंवा प्रधान, घटक मानला असता तर ‘रोजा’ हा शब्द हाताशी होताच. तो वापरला गेला नाही. ज्यू परंपरेतही हा दिवस केवळ उपवासाचा नाही. तो ‘शब्बाथांचा शब्बाथ’ आहे. इस्राएलसाठी वर्षात याहून आनंदाचे दिवस फार नाहीत, असे मिश्नाच्या ‘तानीत’ या प्रकरणात म्हटले आहे. पांढरी वस्त्रे नेसण्यामागेही हीच जाणीव आहे. जे रब्बींनी विधानाच्या रूपात मांडले, ते ग्रंथाशी संबंध तुटलेल्या कोकणातील तेली समाजाने दोन शब्दांच्या निवडीतून जपले. ही निवड केवळ योगायोग म्हणून बाजूला सारता येणार नाही.

केहिमकरांच्या वर्णनातून या दिवसाचे जुने रूप असे दिसते. आदल्या दिवशी स्नान करून लोक शुभ्र वस्त्रे नेसत, सूर्यास्तापूर्वी जेवून घेत आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत दारे लावून घरात राहत. बाहेरच्या कोणाशी स्पर्श नाही, संभाषण नाही. पूर्वजांचे आत्मे या काळात घरी येतात आणि ‘शिळ्या सणा’ला परत जातात, अशी समजूत होती. ‘शिळ्या सणा’ला गोरगरिबांना दानधर्म होई आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठी होत. म्हणजे बंद झालेले दार दुसऱ्या दिवशी उघडत असे, आणि ते उघडणेही विधीचाच भाग होता. ‘दारफाळणी’ आणि ‘शिळा सण’ ही दोन नावे म्हणूनच सुटी वाचता येत नाहीत. ती एका जोडरचनेची दोन अंगे आहेत.

या रचनेचा अर्थ तिच्या भोवतीच्या मराठी सणांच्या संदर्भचौकटीत अधिक स्पष्ट होतो. हिब्रू आणि हिंदू पंचांगे दोन्ही चांद्रसौर असल्यामुळे तिश्रीची दशमी सामान्यतः भाद्रपद किंवा आश्विन शुद्ध दशमीच्या आगेमागे येते. २०२३ मध्ये ती गणेशोत्सवात आली. २०२४ आणि २०२५ मध्ये ती दसऱ्याच्या दिवशीच आली. ज्या दिवशी शेजारचे गाव शीव ओलांडून सोने लुटायला जाते, नेमक्या त्याच दिवशी एक समाज उंबरठ्याच्या आत राहून दार लावून घेतो. सीमोल्लंघन आणि दारफाळणी ही एकाच तिथीवर परस्परांसमोर उभी राहणारी दोन चिन्हे आहेत. एकादशीच्या उपवासाशीही असाच विरोध दिसतो. एकादशी हा मराठी समाजाचा सर्वपरिचित उपवास. पण तो सामुदायिक, सश्रवण, भजन-कीर्तनाने गजबजलेला आहे. कोकणातील या दुसऱ्या उपवासाला ना श्रोता ना गायक. बेने इस्राएलांनी शेजाऱ्यांच्या आचारांतून पुष्कळ घेतले हे खरे. पण या दिवसापुरते त्यांनी जे केले ते भोवतालच्या संकेतव्यूहाच्या नेमके उलट आहे. ‘अनुकरण’ हे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते.

३

आता दुसऱ्या नावाकडे वळता येईल. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द बायबलच्या भाषांतरकारांनी घडवला नाही. तो धर्मशास्त्रातून घेतला. धर्मशास्त्रात या शब्दाचे क्षेत्र किती विस्तृत आहे याची कल्पना पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडावरून येते. पातकांचे वर्गीकरण, प्रत्येक पातकासाठी सांगितलेले वेगवेगळे प्रायश्चित्त, कर्त्याच्या वर्ण-वय-सामर्थ्यानुसार त्यात होणारे फरक अशी ही सूक्ष्म व्यवस्था आहे. तिच्या केंद्रस्थानी व्यक्ती आणि तिचे विशिष्ट कृत्य आहे.

पण भाषांतरित शब्द शास्त्रग्रंथातून थेट येत नाही. तो त्या काळच्या व्यवहारातून येतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी व्यवहारात ‘प्रायश्चित्त’ या शब्दाला एक अतिशय मूर्त सामाजिक अर्थ होता : जातीबाहेर गेलेल्याला जातीत परत घेण्याची अट. १८४३ मधील श्रीपत शेषाद्री प्रकरण आणि त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी घेतलेली भूमिका, किंवा १८९० मधील पुण्याचे पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण आणि त्यानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी घेतलेल्या प्रायश्चित्तावरून उठलेले वादळ, ही त्याची ठळक उदाहरणे. या वादांत मराठी वाक्यरचनाच बोलकी आहे. प्रायश्चित्त ‘देणारे’ असतात आणि ‘घेणारा’ असतो; देणाऱ्यांजवळ अधिकार असतो, घेणाऱ्याजवळ अपराध.

लेवीय पुस्तकातील विधीत हे चित्र वेगळे आहे. तेथे अपराध कोणा एकाचा नाही. याजकासह संपूर्ण मंडळीचा आहे. वर्षातून एकदा येणारा तो दिवस सर्वांसाठी सारखाच आहे. पुढील रब्बी परंपरेने हे सामूहिकत्व अधिकच पक्के केले : योम किप्पुरच्या प्रार्थनेतील पापकबुली अनेकवचनी आहे. जे पाप मी केलेले नाही तेही ‘आम्ही केले’ असे म्हणावे लागते. ज्या शब्दाच्या पाठीशी एका माणसाला पंक्तीबाहेर बसवण्याचा इतिहास आहे, तो शब्द या अनेकवचनासाठी वापरला की आशय नकळत एकवचनी होतो. भाषांतरकारांना दोष देण्याचा हा प्रश्न नाही. मराठीत याहून जवळचा रूढ शब्द त्यांच्यापुढे नव्हता. पण शब्दाची योग्यता आणि शब्दाचे ओझे या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या पाहिजेत.

या नावाच्या प्रवासाचा एक टप्पा विदर्भातला आहे आणि तो मराठी अभ्यासात सहसा ध्यानात घेतला जात नाही. १९५३ मध्ये यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली आणि १९८३ मध्ये पुण्यास हलेपर्यंत ती तेथे होती. कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात तीन दशके देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले विद्यार्थी बायबलचा अभ्यास करत होते. यवतमाळ जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत ‘प्रायश्चित्ताचा दिवस’ हे शब्द मराठी बायबलमधून वाचले आणि ऐकले जातात. परंतु तो दिवस पाळला जात नाही. ख्रिस्ती अर्थनिर्णयनानुसार तो पाळण्याची गरजच उरलेली नाही. ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाने मुख्य याजकाच्या वार्षिक विधीचा जो अन्वयार्थ लावला, त्यानुसार तो विधी पुढे येणाऱ्या एकमेव बलिदानाची छाया होता; मूळ वस्तू आल्यावर छायेचे प्रयोजन संपते. या वाचनाला स्वतःची सुसंगती आणि खोली आहे. येथे मुद्दा एवढाच की ‘प्रायश्चित्ताचा दिवस’ हे मराठी नाव प्रामुख्याने अशा वाचकसमूहात रुजले, ज्याच्यासाठी तो दिवस समजून घ्यावयाची संहिता आहे. ‘दारफाळणीचा सण’ हे नाव अशा समूहात जन्मले, ज्याच्याजवळ समजून घेण्यासाठी संहिता नव्हती, होता तो केवळ दिवस. यवतमाळमध्ये दिवसाविना ग्रंथ आणि अलिबागच्या परिसरात ग्रंथाविना दिवस, अशी ही विलक्षण विभागणी आहे. एकाच भाषेत या दोन्ही परिस्थिती नांदाव्यात, ही मराठीच्या अभ्यासकासाठी दुर्मीळ संधी आहे.

४

ग्रंथाविना दिवस पाळला जातो तेव्हा नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी योम किप्पुरच्या स्वतःच्या इतिहासाकडे वळणे आवश्यक आहे. कारण हा दिवस ‘मूळ’ रूपात कोठेच राहिलेला नाही. जेरुसलेमचे मंदिर उभे असेपर्यंत तो मुख्य याजकाच्या कृतींचा दिवस होता : परमपवित्रस्थानात प्रवेश, दोन बोकड, त्यांपैकी एकाची रानात रवानगी. इ. स. ७० मध्ये मंदिर नष्ट झाले आणि या कृती अशक्य झाल्या. रब्बींनी कृतींच्या जागी शब्द आणले. आजही दुपारच्या प्रार्थनेत याजकाच्या विधीचे सविस्तर वर्णन वाचले जाते; जे करता येत नाही ते सांगितले जाते. कबुलीच्या प्रार्थना, योनाच्या पुस्तकाचे वाचन, आदल्या संध्याकाळचे नवस-शपथांतून मुक्त होण्याचे अरामी सूत्र अशा शब्दांनी तो दिवस भरला. दिवसाअखेरच्या पाचव्या प्रार्थनेला ‘नेइला’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ ‘बंद करणे’. मंदिराची दारे दिवस मावळताना बंद होत, त्यावरून आलेला; आणि पुढे स्वर्गाची दारे मिटण्यापूर्वीची शेवटची याचना अशा अर्थाने दृढ झालेला.

म्हणजे रब्बी परंपरेचा योम किप्पुर हाच मुळात भाषांतरित आहे : विधीचे शब्दांत झालेले भाषांतर. हे मान्य केल्यावर कोकणातील रूपाला ‘अवशेष’ म्हणण्याचे कारण उरत नाही. ती त्याच साखळीतली पुढची कडी ठरते. बेने इस्राएलांजवळ अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तोराच्या गुंडाळ्या नव्हत्या, प्रार्थनापुस्तके नव्हती. हिब्रूपैकी ‘शमा’ हे विश्वाससूत्र तेवढे मुखोद्गत होते. मंदिर गेलेल्यांनी कृतीच्या जागी शब्द ठेवले. शब्दही गेलेल्यांनी शब्दाच्या जागी मौन ठेवले आणि मौनाची खूण म्हणून दार. उपवास, शुभ्र वस्त्र, व्यवहाराचा संपूर्ण विराम हे जे शब्दांवाचून पाळता येण्यासारखे होते, ते सर्व राहिले.

‘दारफाळणी’ हे ‘नेइला’चे स्मरण असावे असे सुचवले गेले आहे. ही कल्पना आकर्षक असली, तरी लेखाचा युक्तिवाद तिच्यावर उभा नाही. स्मरण असो वा नसो, दोन प्रतिमांमधील फरक अधिक अर्थपूर्ण आहे. ‘नेइला’मधील दार वर आहे, ते दुसऱ्या कोणाच्या हातात आहे, आणि ते मिटण्यापूर्वी आत शिरण्याची धडपड करावयाची आहे. ‘दारफाळणी’तले दार घराचे आहे; ते स्वतःच्या हाताने लावावयाचे आहे, आणि दिवसाच्या अखेरीस नव्हे तर आरंभी. पहिल्या प्रतिमेत भक्त दाराबाहेर उभा आहे, दुसऱ्या प्रतिमेत तो आत बसला आहे. त्यामुळे पश्चात्तापाची कल्पनाही बदलते. हिब्रूत पश्चात्तापासाठी वापरला जाणारा ‘तेशुवा’ हा शब्द ‘परतणे’ या धातूपासून आला आहे. परतणे हे कोठेतरी असते. आणि कोकणी घरात दार लावून बसलेल्या कुटुंबासाठी ते घर हेच परतण्याचे ठिकाण होते. पूर्वजांचे आत्मे त्याच वेळी त्याच घरात येतात, ही समजूत या दृष्टीने पाहिली तर ती पितृपक्षाची उसनवारी एवढीच राहत नाही. ज्यांच्याकडून हा दिवस मिळाला, त्यांच्या उपस्थितीत तो पाळण्याची ती एक रीत होते. ग्रंथ नसलेल्या समाजात परंपरेचे प्रमाण पूर्वज हेच असते.

५

या नावाची मर्यादाही येथेच दिसते. मिश्नाच्या ‘योमा’ प्रकरणाचा एक महत्त्वाचा दंडक असा की मनुष्य आणि ईश्वर यांच्यातील अपराध या दिवसाने निवतात. मनुष्य आणि त्याचा शेजारी यांच्यातील अपराध मात्र त्या शेजाऱ्याचे समाधान केल्यावाचून निवत नाहीत. म्हणजे क्षमायाचनेसाठी दाराबाहेर पडावे लागते, आणि तेही त्या दिवसापूर्वी. दार लावण्याला केंद्रस्थान देणाऱ्या नावात या अंगाला जागा नाही. ‘शिळ्या सणा’च्या भेटीगाठी आणि दानधर्म यांत त्याचा अंश येतो, पण क्रम उलटलेला आहे : रब्बींच्या मांडणीत माणसांशी समेट आधी आणि ईश्वरासमोर उभे राहणे नंतर; कोकणी रचनेत एकांत आधी आणि समाज नंतर. शिवाय बंद दार सर्वांना सारखे बंद असते का, हा प्रश्न उरतोच. त्या दिवशी टाळलेल्या स्पर्शाची भाषा भोवतालच्या जातिव्यवस्थेच्या स्पर्शास्पर्शाशी मिळतीजुळती आहे, आणि खुद्द त्या समाजातही ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद होता. ‘दारफाळणी’ सामूहिक पापकबुलीचे अनेकवचन जपते, पण ते अनेकवचन घराच्या आणि कुळाच्या हद्दीपर्यंतच पोचते. ‘प्रायश्चित्त’ या शब्दाने आशय व्यक्तीपुरता आकसतो असे वर म्हटले. ‘दारफाळणी’ने तो घरापुरता आकसतो. दोन्ही भाषांतरे काही राखतात आणि काही गमावतात.

ही कोंडी एकोणिसाव्या शतकात फुटली. १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात सामाजी हसाजी दिवेकर यांनी ‘शआर हारहामीम’ हे सभास्थान बांधले; त्या नावाचा अर्थ ‘दयेचे दार’. ज्या समाजाचा सर्वांत पवित्र दिवस दार लावण्याचा होता, त्याने आपल्या पहिल्या सामुदायिक वास्तूला दाराचे नाव दिले, हे नोंदण्यासारखे आहे. पनवेलचे बेथ एल सभास्थान १८४९ मधले. कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी प्रार्थनांचे वळण घालून दिले. जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी हिब्रू व्याकरणाचे पुस्तक मराठीतून १८३२ मध्ये सिद्ध केले. पण खरे भाषिक कार्य समाजातल्याच माणसांनी केले. त्यांत जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांचे नाव अग्रभागी आहे. मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते आणि ज्यू प्रार्थनाविधीची अनेक पुस्तके त्यांनी मराठीत आणली.

या भाषांतरांपुढील प्रश्न बायबल-भाषांतराहून वेगळे होते. पापकबुलीची प्रार्थना हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेली आहे; आरंभाक्षरापासून अंत्याक्षरापर्यंत सर्व अपराध गणले गेले, काही सुटले नाही, हा त्या क्रमाचाच अर्थ आहे. मराठीत अर्थ राखावा तर क्रम जातो आणि क्रम राखावा तर अर्थ वाकवावा लागतो. त्याहून बिकट प्रश्न प्रयोजनाचा. हे भाषांतर वाचून बाजूला ठेवण्यासाठी नव्हते. सभास्थानात हिब्रू पाठ चालू असताना शेजारी उघडे ठेवण्यासाठी होते. ते मूळ संहितेची जागा घेत नाही, तिच्या सोबत चालते. भाषांतराची ही सहचारी कोटी मराठी भाषांतरविचारात अजून नीट मांडली गेलेली नाही. आणि जो वाचक हे पुस्तक हाती घेत होता, त्याच्याजवळ त्या दिवसाचा अर्थ आधीपासूनच होता. घरातल्या बंद दारामागे तो त्याला मिळालेला होता. पुस्तकाने त्याला नवा दिवस दिला नाही, जुन्या मौनाला शब्द दिले. त्याच शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईच्या बेने इस्राएलांनी बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचून सादर केली, तीही याच प्रक्रियेचा भाग म्हणून पाहिली पाहिजेत.

६

हा सगळा विचार केवळ नामचिकित्सेपुरता असता तर त्याचे महत्त्व मर्यादित राहिले असते. परंतु आचार हे अर्थनिर्णयन आहे की अज्ञान आहे, या प्रश्नाच्या उत्तरावर विसाव्या शतकात माणसांचे भवितव्य अवलंबून राहिले. केहिमकरांनी ‘दारफाळणीचा सण’ नोंदवला तो मुळात पुरावा म्हणून : या समाजाचे इस्राएलशी नाते प्राचीन आहे याचा. पुरावा म्हणून पाहिल्यामुळे त्यांना या आचारातले ज्यू तेवढे मोलाचे आणि मराठी तेवढे आगंतुक वाटणे अपरिहार्य होते. पुढे इस्राएलमध्ये स्थलांतर झालेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत तेथील मुख्य रब्बीपीठाने १९६१ नंतर वंशचौकशीच्या अटी घातल्या. त्याविरुद्ध आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये हा समाज सर्व बाबतींत ज्यू असल्याचे तेथे मान्य झाले. वादाचा तांत्रिक मुद्दा विवाह आणि घटस्फोट यांच्या धर्मनियमांचा होता. पण त्याच्या मुळाशी प्रश्न हाच होता की ग्रंथावाचून पाळलेला धर्म हा धर्म समजावयाचा की नाही. शतकानुशतके दार लावून उपाशी बसलेल्यांना तुम्ही नेमके कोण, असे विचारले गेले ते या कारणाने.

मराठी साहित्येतिहासाने असा प्रश्न विचारला नाही. कारण त्याने या समाजाकडे फारसे पाहिलेच नाही. आपल्या घरची भाषा मराठी असलेल्या या समाजाच्या अनुभवाला ज्या ललित कृतींतून वाचकवर्ग लाभला, त्यांतल्या ठळक कृती अन्य भाषांतल्या आहेत : मीरा महादेवन यांची १९६१ ची ‘अपना घर’ आणि शीला रोहेकर यांची २०१३ ची ‘मिस सॅम्युएल : एक यहूदी गाथा’ या हिंदी कादंबऱ्या, निसीम इझिकेल यांची इंग्रजी कविता, एस्थर डेव्हिड यांचे इंग्रजी कथात्म लेखन. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. तो प्रशासकीय अर्थाने उचितच आहे. पण वाङ्मयीन अर्थाने ‘अल्पसंख्य’ ही कोटी सोयीची ठरू नये. राजपूरकरांची प्रार्थनाभाषांतरे ‘धार्मिक’ म्हणून आणि सणनामे ‘लोकसाहित्य’ म्हणून बाजूला पडली, की उरलेला इतिहास आपोआप एकजिनसी दिसू लागतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीपासून मराठी समीक्षेत ‘देशीयता’ या संकल्पनेची दीर्घ चर्चा झाली. त्या चर्चेत बाहेरून आलेले आणि देशी यांच्यातील संबंध ‘देशीकरण’ या प्रक्रियेने समजावून घेतला जातो : परकी घटक येतो आणि इथल्या मातीत मुरतो. ‘दारफाळणीचा सण’ या प्रतिमानात बसत नाही. घडण पाहिली तर हे नाव निखळ देशी आहे. त्यात एकही हिब्रू अक्षर नाही. पण त्या देशी नावाने जे साधले ते मुरणे नव्हे, वेगळे राहणे आहे. भोवतालचे गाव सीमोल्लंघनाला निघालेले असताना वेगळेपण राखण्यासाठी या समाजाने जी भाषा वापरली ती त्या गावाचीच होती. देशी भाषा विलयाचे साधन असते तशीच ती भेद जपण्याचेही साधन असते, आणि हा भेद तिला परका नसतो, ही गोष्ट देशीयतेच्या विचारात समाविष्ट व्हावयास हवी.

भाषांतरविचाराच्या बाजूनेही निष्कर्ष असाच निघतो. भाषांतराचा इतिहास मुद्रित पुस्तकांपासून सुरू करण्याची प्रथा सोडली, तर तिश्रीच्या दशमीचे पहिले मराठी भाषांतर कोणत्याही मिशनच्या छापखान्यात झालेले नाही. ते रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील घरांत झाले. त्याला कर्ता नाही, आवृत्ती नाही, आणि त्याची संहिता दोन शब्दांची आहे. ‘प्रायश्चित्ताचा दिवस’ हे नाव त्या दिवसाचा अर्थ सांगते. ‘दारफाळणीचा सण’ त्या दिवशी काय करावे ते सांगते, आणि अर्थ करणाऱ्यावर सोपवते. ही दोन्ही नावे एकत्र वाचली गेली, तरच त्या दिवसाचे मराठीतले रूप पुरतेपणी हाती लागेल.